कन्याकुमारीची हवा

दुकानात कोणी आलं की मिस्त्री आधी त्याच्या सायकलीकडे वाकायचा. उजव्या हाताचा आंगठा समोरच्या टायरवर दाबायचा, मग मागच्या, आणि दोन्ही झाल्यावर मान वर करून आलेल्याचं तोंड पाहायचा. "पह्यले हवा, मंग बाकी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याचा सख्खा भाऊ तीन वर्षांनी वणीहून भेटायला आला, तेव्हाही म्हणे त्यानं आधी चाकं दाबली आणि मग भावाला मिठी मारली. खरंखोटं देव जाणे, पण गावात सगळे सांगत.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरची माणसं अजून तिथेच आहेत, आणि तसंही त्याला कोणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. पांढरकवड्याला हैदराबाद रोडच्या कडेला चार बल्ल्या, वर टिनं, आत एक खाट आणि किरायानं द्यायच्या पाच सायकली, एवढं त्याचं दुकान. मी जवळच्याच एका कापसाच्या जिनात कारकून होतो. दुपारची सुटी झाली की त्याच्या खाटेवर जाऊन बसायचो. तो मला बाबू म्हणायचा. कारकून म्हणून बाबू, त्यात मान वगैरे काही नव्हता.

आमच्यातला तिसरा हरसिंग. तांड्यावरच्या प्राथमिक शाळेत मास्तर. आठवड्याच्या बाजाराला यायचा आणि बाजार राहायचा बाजूला, गप्पा मारत तिथेच बसायचा. त्याचे पूर्वज बंजारे, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. त्यामुळे कुठल्याही रस्त्याचा विषय निघाला की तो आमच्या आज्यानं पाहून ठेवला आहे, असं तो बिनदिक्कत सांगायचा.

रस्त्याचा विषय मात्र काढायचा मिस्त्रीच. छप्पन साली दसऱ्याला तो चार दोस्तांसोबत सायकलीनं नागपूरला गेला होता, दीक्षेला. नव्वदच्या वर मैल. तिथे काय पाहिलं, काय ऐकलं, हे तो फारसं सांगत नसे. एवढंच म्हणायचा की जाताना पाय दुखले, येताना दुखले नाहीत. नंतर काही दिवस वरच्या आळीतल्या लोकांनी आपल्या सायकली त्याच्याकडे आणणं बंद केलं. पण बसस्टँडजवळच्या दुकानदाराला पंक्चर नीट काढता येत नसे, म्हणून महिन्याभरात सगळे गुपचूप परत आले. मिस्त्रीनं आंगठा लावला आणि हवा कमी आहे म्हणाला.

तर ते नागपूर त्याच्या डोक्यात बसलं. नागपूर म्हणजे त्याच्या दुकानासमोरच्या रस्त्याचं वरचं अंग. मग एका ट्रकवाल्यानं त्याला सांगितलं की हाच रस्ता हैदराबादवरून, बंगलोरवरून थेट कन्याकुमारीला जातो आणि तिथे समुद्रापाशी संपतो. त्या दिवसापासून मिस्त्री बिघडला. येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून सांगायचा, "याच्या खालच्या टोकाले समुद्र हाय. कुठं वळाचं कामच नाही." केळापूरच्या देवीला जायला सायकल किरायानं मागणाऱ्या माणसालाही तो आधी समुद्र सांगायचा. त्या माणसाला देवीला जायचं असायचं, पण ऐकून घ्यावं लागे.

मिस्त्रीनं समुद्र पाहिला नव्हता. आम्हीही पाहिला नव्हता. त्याला तो पाहायचा होता, आणि रेल्वेनं नाही, दुकानाच्या दारातून सायकलवर बसून. तीन वर्षं त्यानं त्याचीच तयारी केली. तीन जुन्या सायकली उघडून, धुऊन, बेअरिंगचा प्रत्येक छर्रा बदलून उभ्या केल्या. "माह्या सायकली मले कुठं नेतात, मले पाह्यचं हाय," असं एकदा म्हणाला होता. मला वाटतं, त्याच्या सगळ्या आयुष्यात त्यानं स्वतःसाठी मागितलेली तेवढी एकच गोष्ट.

दर रविवारी आम्ही तालमीला निघायचो. आधी केळापूर, मग पाटणबोरी, मग वणी. मिस्त्री सगळ्यात मागे, कारण पंप आणि पंक्चरचं सामान त्याच्याकडे. हरसिंग मध्ये. सगळ्यात पुढे मी. मागे वळून पाहायची मनाई होती. नागपूरच्या वाटेवर त्याचा एक दोस्त मागे पाहायला गेला आणि सायकलसकट नाल्यात पडला, तेव्हापासून हा नियम. त्याऐवजी घंटी. मैलाचा दगड आला की मागून मिस्त्री दोनदा घंटी वाजवणार, म्हणजे सगळे आहेत. पुढून मी एकदा वाजवणार, म्हणजे ऐकलं. दोन त्याच्या, एक माझी. ट्रक आला, वळण आलं, काही झालं तरी हे चुकवायचं नाही.

तो कधी चुकला नाही. आणि गोष्ट तिथेच बिघडली. तीनशे-चारशे दगड त्याच्या घंट्या न चुकता ऐकल्यावर मी ऐकणं सोडून दिलं. दगड दिसला की माझा आंगठा आपोआप घंटीवर जायचा. तुम्हीही घरात हाक ऐकू येण्याआधीच ओ देत असाल, तसंच. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही.

साठ-एकसष्टची दिवाळी. हरसिंगला शाळेची सुटी होती, त्याला त्यानं आजारपणाचा एक आठवडा जोडला. आमचं जिन दिवाळीनंतर सुरू व्हायचं, म्हणून साहेबांनी मलाही कुरकुरत सोडलं. मिस्त्री म्हणाला, मले दिवाळीच नाही, तुमची तुमी सोडा.

निघायच्या दिवशी तो मला घ्यायला घरी आला. आमच्या घरी त्याच्यासाठी एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. छप्पननंतर तो आमच्याकडे चहा प्यायचाच नाही. दर वेळी म्हणायचा, नको काकू, पिऊन आलो. मला याचा अर्थ कळायला बरीच वर्षं लागली, आईला बहुधा आधी कळला असावा. त्या दिवशी तिनं त्याला आमच्याच कपात चहा दिला. तो बशीत ओतून प्याला, कप स्वतःच विसळायला उठला, तेव्हा आई राहू दे म्हणाली. एवढंच झालं. बाहेर येऊन त्यानं माझ्या सायकलीची हवा पाहिली.

हारतुऱ्यांत दुपार झाली. पहिला मुक्काम आदिलाबादला. पैनगंगेचा पूल ओलांडताना मिस्त्री मोठ्यानं म्हणाला की आता आपण परक्या राज्यात आलो. हरसिंग म्हणाला, परकं कायचं, आमच्या आज्यानं... आणि आम्ही दोघं ओरडलो की पुरे तुझा आजा. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी एका फडक्यावर भाकरी सोडली आणि एकाच तांब्यातून पाणी प्यालो. मिस्त्री फार बोलत होता. मी त्याला इतकं बोलताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निर्मलच्या अलीकडचा घाट लागला. सागाचं दाट जंगल, रस्ता अरुंद आणि उतार. वारा कानात भरला होता. पायडल मारायचंच नव्हतं, नुसते ब्रेक सांभाळत उतरायचं. मला फार मजा येत होती, हे मी कबूल करतो. दगड येत गेले आणि मी दर दगडाला घंटी वाजवत गेलो. चार दगड. पाचवा घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीजवळ. तिथे थांबलो. मागून हरसिंग आला. मिस्त्री आला नाही.

हरसिंगनं विचारलं, "बाबू, तुले घंटी ऐकू आलती ना?"

मी म्हटलं, "हाव."

खरं तर वाऱ्यात काहीच ऐकू आलं नव्हतं. हरसिंगलाही आलं नव्हतं, पण माझी घंटी त्याला ऐकू आली होती, म्हणून तो निर्धास्त होता. मी हो म्हटल्यामुळे आम्ही चहा सांगितला. मिस्त्री एखादं पंक्चर काढत बसला असेल, पाणी प्यायला थांबला असेल, असं बोलत अर्धा तास तरी गेला. मग हरसिंग उठला. सायकली हातात धरून आम्ही घाट चढायला लागलो. उतरताना मिनिटांत गेलेला रस्ता चढताना संपेना.

तो वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या दगडाच्या मध्ये एका वळणावर बसलेला सापडला. अंगावर घाम, तोंड पांढरं. बांबू भरलेल्या ट्रकला वाट देताना कडेच्या खड्ड्यात चाक गेलं होतं आणि तो पायावर पडला होता. पडला होता मात्र वर, दुसऱ्या दगडाच्याही पलीकडे. तिथून इथपर्यंत तो सायकलीचा आधार घेत त्या पायावर चालत आला होता. पाऊल जिकडे असायला हवं तिकडे नव्हतं. मी जवळ गेलो, तर त्यानं आधी माझ्या सायकलीचं समोरचं चाक दाबलं आणि म्हणाला, "कमी झाली रे."

एका बैलगाडीतून त्याला खाली आणलं. खालच्या गावातल्या डॉक्टरनं पाय बांधला आणि हिंदीत रागावला. नुसतं हाड मोडलं असतं तर सरळ जुळलं असतं, पण चालल्यामुळे तुकडे सरकले, असं त्याचं म्हणणं. मोडल्यावर चाललास कशाला, असं त्यानं विचारलं. मिस्त्री म्हणाला, "वाटलं, हे इथंच हायेत." माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. हरसिंगनंही पाहिलं नाही. मी बाहेर जाऊन सायकली मोजत उभा राहिलो. तीनच होत्या.

हरसिंग म्हणाला, आपण तिघंही परत जाऊ. ते बरोबर होतं. पुढे जायचा हट्ट मी धरला. मिस्त्रीही तेच म्हणत होता, की एकानं तरी खालचं टोक पाहिलं पाहिजे, पण मी त्याच्या म्हणण्यासाठी गेलो नाही. पांढरकवड्यापर्यंत ट्रकच्या हौद्यात त्याच्या पायाशी बसायची मला भीती वाटली, म्हणून गेलो. त्याच्या दुकानासमोरून नेहमी जाणारा एक ट्रकवाला भेटला, त्यानं त्याला आणि सायकलीला वर घेतलं. ट्रक सुरू झाला तेव्हा मिस्त्रीनं आपल्या थैलीतून एक कोरी ट्यूब काढली आणि पंपासकट माझ्या हातात दिली.

"थ्या टोकावर गेले का ही भरजा. तिथल्या हवेनं. अन् मले आणून देजा."

पुढचे अठरा दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. लोक विचारतात, हजार मैल सायकलनं गेलात, काय काय पाहिलं? हैदराबादला एका धर्मशाळेत उतरलो. बंगलोरला थंडी होती. मदुरेचं देऊळ बाहेरून पाहिलं. मला आठवतात ते दगड. दर दगडाला मी घंटी वाजवायचो आणि मागून हरसिंगच्या दोन यायच्या, आणि आता मी अगदी कान देऊन ऐकायचो. हरसिंगनं मला काही विचारलं नाही. तो जेवताना बोलायचा, मी हुं म्हणायचो.

समुद्र दिसला तेव्हा हरसिंग रडला. मला काही वाटलं नाही. पुष्कळ पाणी होतं. मी खडकावर बसून ट्यूब भरली, आंगठ्यानं दाबून पाहिली, व्हॉल्व्हची टोपी घट्ट लावली. परतीचा प्रवास रेल्वेनं केला, तेव्हा ती ट्यूब गळ्यात अडकवून मी तीन दिवस बसलो होतो. डब्यातली माणसं हसत होती.

मिस्त्री खाटेवर बसला होता. बाजूला कुबडी. मी ट्यूब त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं आंगठा लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि म्हणाला, "हाय." मग समुद्राचं विचारलं. हरसिंगनं सगळं सांगितलं, लाटा, रंग, वाळू. मिस्त्रीनं मध्येच त्याला थांबवून विचारलं की रस्ता नेमका कुठे संपतो, दगडावर का वाळूत. हरसिंगला सांगता आलं नाही. मलाही नाही.

पाय वाकडाच जुळला. मिस्त्री पुन्हा सायकलवर बसला नाही. दुरुस्तीचं काम खाली बसून करायचा, वाकडा पाय बाजूला ठेवून. ट्यूब त्यानं दुकानात आडव्या बल्लीवरच्या खिळ्याला टांगली आणि येणाऱ्याला सांगायला लागला, "थे कन्याकुमारीची हवा हाय." सकाळी दुकान उघडलं की आधी कुबडीवर उभा राहून त्या ट्यूबवर आंगठा ठेवायचा. "हाय," म्हणायचा आणि मग कामाला बसायचा.

आता कोणतीही ट्यूब घ्या, नुसती टांगून ठेवली तरी हळूहळू बसते. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? पंधरा दिवसांतच मला ती सैल दिसायला लागली. दुपारी तो जेवायला घरी गेला होता. मी पंप लावला, चार दट्टे मारले, टोपी बसवली. दुसऱ्या दिवशी तो हाय म्हणाला. मग मी दर पंधरवड्याला ते करत गेलो. चार वर्षं. आपण हे कशासाठी करतो, असं मी स्वतःला कधी विचारलं नाही. पांढरकवड्याचीच धुळकट हवा होती ती. पण त्यानं रोज सकाळी हाय म्हणावं, एवढं मला पाहिजे होतं.

मग त्याला कावीळ झाली. झाडपाला झाला, यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन आला. डोळे पिवळे ते पिवळेच. तरी दुकानात येऊन खाटेवर पडायचा. एका दुपारी मी बसलो होतो. रस्त्यावर कोणी नव्हतं. तो छताकडे पाहत म्हणाला, "बाबू, व्हॉल्व्हची टोपी मी अर्धा आटा ढिली ठेवतो. तू घट्ट लावतं."

माझी नजर खिळ्यावरच्या ट्यूबकडे गेली.

"पह्यल्या महिन्यातच समजलं मले. मी आंगठा ठेवतो, हाय म्हणतो. तुले बरं वाटते, मलेबी वाटते." त्यानं वाकडा पाय थोडा सरकवला. "घाटात तसंच झालं."

मी त्याच्या वाकड्या पायाकडे पाहत होतो.

"मी दगडाच्या अगोदरच पडलो, बाबू. घंटी वाजवलीच नाही मी. हात पोचत नव्हता. अन् खालून तुही घंटी आली. म्हटलं, न वाजवता उत्तर कसं आलं? म्हटलं, पाह्यलं असंन यायनं मले पडतानी. वळणाखालीच थांबले असतीन. म्हणून उठलो. वळणावर आलो तं कोणी नाही. मंग दुसरी आली, आणखी खालून. तवा समजलं."

मी विचारलं, "सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय? पाय तं गेलता. तू रोज येतं, थेबी बंद झालं असतं."

त्यानं कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आता नको भरू."

मला रडू यायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. मी तिथे बसून राहिलो. जिनाचा भोंगा वाजला, तसा मी उठून कामावर गेलो. ते मला आजही आठवतं, की मी कामावर गेलो.

पुढच्याच आठवड्यात तो गेला. मी खांदा दिला. हरसिंग तांड्यावरून आला होता, तो रडत होता. वंदना म्हटली गेली, लोक पांगले. मी घरी येऊन जेवलो. आईनं विचारलं, गेला का रे तो, आणि मी हो म्हटलं. कान तुटलेला कप अजून फळीवर होता. मी तो काढून उकिरड्यावर टाकला, एवढं मात्र केलं.

महिन्याभरानं त्याच्या बायकोनं दुकान उघडलं. वहिनींना पंक्चर काढता येत होतं, हे गावाला तेव्हा कळलं. लोक आधी हसले, मग सायकली घेऊन आले. त्याही आलेल्याचं तोंड पाहण्याआधी चाक दाबायच्या. ट्यूबला मात्र हात लावायच्या नाहीत. मिस्त्रीच्या हातची वस्तू आहे म्हणायच्या. मी दुपारी जायचो, खाटेवर बसायचो. पंप पायाशीच असायचा. समोर खिळ्यावर ट्यूब दिवसेंदिवस लांबट होत चालली होती. मी पाहत होतो.

एक दिवस वहिनी चाकात तार बसवत होत्या. वर न पाहता त्यांनी विचारलं, "बाबूभाऊ, हवा हाय काय जी त्याच्यात?"

मी उठलो. ट्यूबवर आंगठा ठेवला. तो पलीकडच्या माझ्याच बोटाला जाऊन टेकला.

"नाही," मी म्हटलं.